एकोणसत्तरावी जागा, दोनदा

जून १९९७ मध्ये जगातल्या ५०० सर्वांत ताकदवान संगणकांची यादी निघाली. त्यात २५९ व्या जागेवर आयबीएमचं एक यंत्र होतं, नाव डीप ब्लू. त्याच्या महिनाभर आधी, ११ मे रोजी, न्यूयॉर्कमध्ये याच यंत्राने बुद्धिबळपटू गॅरी कास्पारोवला सहा डावांच्या सामन्यात साडेतीन-अडीच असं हरवलं होतं. कास्पारोवचं आंतरराष्ट्रीय गुणांकन तेव्हा २७९५ होतं आणि जगात त्याच्या वर कोणी नव्हतं. त्याला नमवणारं यंत्र यंत्रांच्या यादीत मात्र २५८ जणांच्या मागे उभं होतं.

दोन्ही आकडे खरे होते. यंत्रांची यादी ठरते लिनपॅक नावाच्या चाचणीवर. एकरेषीय समीकरणांचा प्रचंड संच यंत्रापुढे टाकायचा आणि तो सोडवताना सेकंदाला किती आकडेमोडी होतात ते मोजायचं. डीप ब्लूने सेकंदाला १,१३८ कोटी आकडेमोडी केल्या, म्हणजे ११.३८ गिगाफ्लॉप. पण कास्पारोवला हरवणारी ताकद या आकड्यात आलेलीच नव्हती. ती होती केवळ बुद्धिबळासाठी घडवलेल्या ४८० चिपमध्ये. त्या सगळ्या मिळून सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासत. समीकरणं सोडवायची वेळ आली की या चिपना काही काम नसे.

मुळा नदीच्या एका अंगाला पिंपरी-चिंचवडचा कारखान्यांचा पट्टा आहे. दुसऱ्या अंगाला, गणेशखिंड आणि पाषाणच्या बाजूला, देशातले अनेक नावाजलेले महासंगणक जिथे घडले किंवा बसवले गेले त्या संस्था आहेत. या यंत्रांबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं तेव्हा बहुतेक वेळा एक आकडा आणि एक क्रमांक सांगून विषय आटोपतो. आणि मग कोणीतरी म्हणतं, तो जुना परम महासंगणक म्हणजे आजच्या मोबाइलपेक्षाही दुबळा. आकड्यांत पाहिलं तर हे खोटं नाही, पण त्यातून त्या यंत्राविषयी काहीच कळत नाही. जुनं यंत्र नव्याशी ताडायचं असेल तर आकडा कशाचा आहे, हे आधी विचारावं लागतं. हा प्रश्न सर्वांत चिकाटीने हाताळला तो बुद्धिबळवाल्यांनी.

गुणांकनाची आजची पद्धत अर्पाद एलो यांची. ते अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात भौतिकशास्त्र शिकवत. जन्माने हंगेरियन. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांची पद्धत १९७० मध्ये स्वीकारली. त्यांच्या हिशोबात गुणांकन हे वजन-उंचीसारखं माप नाही, ते दोन खेळाडूंमधलं अंतर आहे. फरक २०० गुणांचा असेल तर वरचढ खेळाडूने १०० डावांत साधारण ७६ गुण कमवावेत, एवढंच तो आकडा सांगतो. जे कधी एकमेकांशी, किंवा एकमेकांच्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळलेच नाहीत, त्यांच्या आकड्यांची वजाबाकी करायला काही आधार नसतो.

घरगुती बुद्धिबळ संगणक १९८० च्या आसपास युरोप-अमेरिकेच्या बाजारात आले तेव्हा प्रत्येक कंपनी आपल्या खोक्यावर मनाला येईल तो आकडा छापत असे. स्वीडनमधल्या हौशी मंडळींनी यावर उपाय शोधला. त्यांच्या संघटनेने १९८४ पासून स्वतःची गुणांकन यादी काढायला सुरुवात केली. स्पर्धेच्या वेळेत, ठरवून दिलेल्या यंत्रांवर, शेकडो डाव. नवा संगणक आला की त्याला जुन्यांशी खेळवायचं, आणि त्यासाठी जुने संगणक जपून ठेवायचे. माणसांच्या मोजपट्टीशी मेळ राहावा म्हणून स्वीडनच्या स्पर्धा-खेळाडूंशीही यंत्रांचे डाव झाले. तरीही वर्षं गेली तशी पट्टी सरकली. यंत्रं यंत्रांशीच खेळत राहिली आणि आकडे फुगले. शेवटी २००० मध्ये संपूर्ण यादीतून सरसकट १०० गुण कापण्यात आले. एका रात्रीत सगळी यंत्रं १०० गुणांनी उतरली, आणि एकाचाही खेळ तसूभर बिघडला नव्हता. आजच्या संगणकी याद्यांत स्टॉकफिश या बुद्धिबळ प्रोग्रॅमच्या नावापुढे ३६०० च्या वरचे आकडे दिसतात. माणसांत मॅग्नस कार्लसनने गाठलेला सर्वोच्च आकडा २८८२. यातून ‘सातशे गुणांचा फरक’ काढणं चुकीचं आहे, कारण हे दोन आकडे दोन वेगळ्या घोळक्यांतले आहेत. यंत्र कितीतरी वरचढ आहे यात शंका नाही. ‘किती’ हे मात्र ती वजाबाकी सांगू शकत नाही.

डीप ब्लूचं तर खात्रीचं गुणांकन कधी ठरलंच नाही. कास्पारोवबरोबरच्या सामन्यानंतर ते पुन्हा स्पर्धेत उतरलं नाही आणि मोडण्यात आलं. सहा डावांवर आकडा बांधता येत नाही.

आता पुण्याकडे. १९८० च्या दशकात भारताला अमेरिकेच्या क्रे कंपनीचे महासंगणक हवे होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी मागितलेल्या यंत्राला अमेरिकेने परवानगी दिली नाही. दिल्लीच्या हवामान केंद्राला मिळालं ते मागणीपेक्षा लहान यंत्र, तेही कडक अटींवर. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सीडॅक, स्थापन झालं. तीन वर्षांची मुदत आणि ३० कोटी रुपये. प्रमुख होते डॉ. विजय भटकर. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावी जन्म, शाळा मूर्तिजापूरला, इंजिनिअरिंग नागपूरला.

एकच अतिवेगवान प्रोसेसर बनवणं तेव्हा आपल्या आवाक्यात नव्हतं आणि विकत कोणी देणार नव्हतं. भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला. साधे, बाजारात मिळणारे प्रोसेसर मोठ्या संख्येने जोडायचे आणि एकच काम त्यांच्यात वाटून द्यायचं. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीची ट्रान्सप्युटर नावाची चिप यासाठी सोयीची होती, कारण शेजाऱ्यांशी बोलायला तिला स्वतःच्या चार तारा होत्या. चिप उधारीची असली तरी अवघड काम चिपबाहेर होतं. कोणाला कोणता तुकडा द्यायचा, कोणी कोणाची वाट पाहायची, एकाने अर्धं उत्तर काढलं की ते दुसऱ्यापर्यंत वेळेत कसं पोचवायचं, हे सगळं नव्याने बसवावं लागलं. त्यासाठी ‘पारस’ नावाची सॉफ्टवेअरची मांडणी पुण्यात तयार झाली. नमुना १९९० मध्ये झुरिकच्या प्रदर्शनात दाखवला गेला, आणि १९९१ मध्ये परम ८००० जगापुढे आला. एक यंत्र मॉस्कोलाही गेलं.

परम ८००० ची ताकद किती? २५६ ट्रान्सप्युटर जोडले की शिखर ताकद एक गिगाफ्लॉपच्या घरात जाई. ‘शिखर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रत्येक चिप एक क्षणही न थांबता राबली तर कागदावर जेवढी बेरीज होते, तेवढी ही ताकद. प्रत्यक्ष काम करताना चिप थांबतात, एकमेकींची वाट पाहतात, आणि आकडा खाली येतो. जगातल्या ५०० यंत्रांची यादी हान्स मॉयर, एरिक श्ट्रोमायर आणि जॅक डोंगारा यांनी १९९३ मध्ये सुरू केली, परमच्या दोन वर्षांनंतर. त्यामुळे परम ८००० ला त्या यादीत जागा शोधणं व्यर्थ आहे. तो ज्या स्पर्धेत उतरला ती वेगळी होती. कोणी महासंगणक विकत द्यायला तयार नसताना तीन वर्षांत चालणारं यंत्र उभं करायचं, ही ती स्पर्धा. ती त्याने जिंकली, असं मी ठामपणे म्हणेन.

पुढचे परम आले. १९९२ मध्ये ८६००, १९९४ मध्ये ९९००, १९९८ मध्ये परम १००००. या शेवटच्याची शिखर ताकद १६० प्रोसेसरांनिशी १०० गिगाफ्लॉप सांगितली जाई. इथे मोह होतो. डीप ब्लू ११.३८, परम १००००ची ताकद १००, म्हणजे पुण्याचं यंत्र नऊपट मोठं! पण डीप ब्लूचा आकडा लिनपॅकवर प्रत्यक्ष मोजलेला आहे आणि परमचा कागदावरच्या शिखराचा. शिवाय त्या ४८० चिप डीप ब्लूच्या आकड्यात धरलेल्याच नाहीत. एका खेळाडूचं गुणांकन स्वीडिश यादीतून घ्यावं आणि दुसऱ्याचं खोक्यावरून, तसा हा प्रकार.

शिखर आणि प्रत्यक्ष हे दोन्ही आकडे शेजारी मांडता येतात ते परम पद्मपासून. शिखर ९९२ गिगाफ्लॉप, लिनपॅकवर ५३२. जेमतेम निम्म्याहून थोडं अधिक. हे यंत्र सीडॅकच्या बंगळूरच्या केंद्रात बसवलं होतं, आणि जून २००३ च्या यादीत ते १७१ व्या जागेवर आलं. देशात बांधलेल्या यंत्राने या यादीत पाऊल ठेवण्याची ही पहिली वेळ.

त्यानंतरची घटना पुणेकरांच्या अजून लक्षात असेल. नोव्हेंबर २००७ ची यादी निघाली आणि चौथ्या क्रमांकावर पुण्याचं नाव होतं. यंत्र ‘एका’, मालक टाटा समूहाची सीआरएल ही कंपनी. लिनपॅकवर ११७.९ टेराफ्लॉप (हजार गिगाफ्लॉपचा एक टेराफ्लॉप), म्हणजे डीप ब्लूच्या दहा हजारपटींहून अधिक. आशियात त्याच्यापुढे कोणी नव्हतं. वर फक्त अमेरिकेची दोन आणि जर्मनीचं एक यंत्र. ज्या प्रकल्पातून एका उभं राहिलं त्याच्या सुरुवातीला नरेंद्र करमरकर होते. १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना रेषीय नियोजनाची नवी रीत शोधून जगभर गाजलेले गणिती ते हेच. यंत्राचं नाव यादीत येण्याआधीच ते बाहेर पडले होते. प्रोसेसर इंटेलचे, सर्व्हर एचपीचे. केबलची लांबी कमी राहावी म्हणून कपाटांची मांडणी गोलाकार केली होती. खर्च सुमारे तीन कोटी डॉलर, आणि सरकारचा पैसा नाही.

हा आनंद टिकला किती? जून २००८ मध्ये ‘एका’ची ताकद वाढून १३२.८ टेराफ्लॉप झाली आणि क्रमांक घसरून आठवा. नोव्हेंबरमध्ये तेरावा. मधल्या काळात अमेरिकेच्या रोडरनरने एक हजार टेराफ्लॉपचा टप्पा ओलांडला होता. ‘एका’ पहिल्या दिवशी जे करू शकत होतं त्याहून जास्तच वर्षभराने करत होतं. जे बदललं ते आजूबाजूचं जग. आपल्याकडे मात्र चौथा क्रमांक गाजला आणि तेराव्याची फारशी चर्चा झाली नाही. यंत्राची ताकद समजावून द्यायची ती संधी आपण दवडली, असं मला वाटतं.

क्रमांक आणि ताकद यांतला फरक सर्वांत लख्ख दिसतो तो सीडॅकच्याच दोन यंत्रांत. परम युवा नोव्हेंबर २००८ मध्ये पुण्यात सुरू झाला. शिखर ५४ टेराफ्लॉप, लिनपॅकवर ३८.१, जागतिक क्रमांक ६९. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. १६ कोटी रुपये खर्चून, सुमारे तीन महिन्यांत. शिखर ५२४ टेराफ्लॉप, प्रत्यक्ष ३८६.७. दसपट. आणि विजेचा वापर आधीच्या यंत्रणेपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी. जून २०१३ च्या यादीत परम युवा दोनचा क्रमांक किती आला? ६९.

ही नोंद माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी आहे. पाच वर्षांपेक्षा कमी काळात दसपट मोठं व्हायचं, ते जागच्या जागी राहण्यासाठी. केवळ क्रमांक वाचणाऱ्याला वाटेल की सीडॅकची मंडळी पाच वर्षं हातावर हात ठेवून बसली होती. केवळ टेराफ्लॉप वाचणाऱ्याला वाटेल की आपण जगाला मागे टाकलं. दोघांनीही अर्धीच गोष्ट वाचलेली असते. बुद्धिबळाच्या गुणांकनात ही दोन अंगं वेगळी करता येत नाहीत, कारण तिथे आकडाच मुळी इतरांशी बांधलेला. संगणकाच्या बाबतीत ती वेगळी मोजता येतात. मग दोन्ही छापायला हवीत.

लिनपॅकच्या आकड्यातून काय निसटतं, हे पाहायला पिंपरीहून लांब जावं लागत नाही. टाटा मोटर्सचं इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर पिंपरीत १९६६ पासून आहे. चाकणला बजाजचा कारखाना १९९९ चा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे २००९ चे, महिंद्रचा २०१० चा. म्हणजे ‘एका’ आणि परम युवा यांच्याच काळात चाकण मोटारींनी भरलं. गाडी भिंतीवर आदळली तर काय होईल हे पाहायला दर वेळी खरी गाडी फोडणं परवडत नाही, म्हणून आधी ती संगणकावर आदळवतात. पत्र्याचे लाखो बारीक तुकडे कल्पायचे आणि धडकेचा सेकंदाचा जेमतेम दहावा भाग एक-एक मायक्रोसेकंद पुढे सरकवत जायचा. प्रत्येक पावलाला प्रत्येक तुकड्याला शेजाऱ्याकडून कळायला हवं की तो किती वाकला. इथे वेळ जातो तो निरोप पोचवण्यात आणि स्मृतीतून आकडे काढण्यात. लिनपॅकची घट्ट भरलेली समीकरणं प्रोसेसरला सतत कामात ठेवतात, म्हणून तिथला आकडा देखणा येतो. ही उणीव यादी काढणाऱ्यांनाही ठाऊक होती. यादीच्या जनकांपैकी डोंगारा यांनीच सहकाऱ्यांबरोबर एचपीसीजी नावाची दुसरी चाचणी बसवली, विरळ समीकरणांची. तिच्यावर जगातली बडी यंत्रं शिखराच्या पाच टक्क्यांपर्यंतही क्वचितच पोचतात. एकच यंत्र, दोन चाचण्या, आणि सत्तर टक्के कुठे, पाच टक्के कुठे.

पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची यंत्रं काही वर्षं यादीत सीडॅकच्याही वर राहिली. जून २०१३ मध्ये तिथलं ‘आदित्य’ ७१९ टेराफ्लॉपनिशी ३६ व्या जागेवर होतं. जानेवारी २०१८ मध्ये ‘प्रत्यूष’ आला. शिखर चार पेटाफ्लॉप, म्हणजे चार हजार टेराफ्लॉप, आणि क्रमांक ३९. हे यंत्र क्रे कंपनीचं. ज्या कंपनीचं हवं ते यंत्र मिळेना म्हणून पुण्यात परम जन्माला आला, तिचंच यंत्र तीस वर्षांनी पुण्यात, बाजारातल्या इतर मालासारखं, रीतसर विकत घेतलं गेलं. सीडॅकचाही ओघ थांबला नाही. परम सिद्धी-एआय २०२० मध्ये पहिल्या ६५ यंत्रांत होता. ‘ऐरावत’ जून २०२३ मध्ये ७५ वा आला, लिनपॅकवर साडेआठ पेटाफ्लॉप. पुन्हा तेच. जवळपास दुप्पट ताकद, आणि क्रमांक खाली.

सप्टेंबर २०२४ मध्ये पाषाणला ‘अर्का’ सुरू झाला. शिखर ११.७७ पेटाफ्लॉप. हवामानाच्या यंत्रांसाठी मात्र मला पेटाफ्लॉपपेक्षा एक सोपं माप पटतं, किलोमीटर. अंदाज काढताना पृथ्वीवर चौकटींचं जाळं कल्पतात. प्रत्येक चौकटीला पावसाचा एकच आकडा मिळतो. जाळं निम्म्यावर आणायचं तर चौकटी चौपट होतात, काळाची पावलंही निम्मी करावी लागतात, आणि काम साधारण आठपट वाढतं. प्रत्यूषवर हे जाळं १२ किलोमीटरचं होतं. २६ मे २०२५ रोजी पुण्यातच विकसित झालेली भारत फोरकास्ट सिस्टीम अर्कावर सुरू झाली, जाळं ६ किलोमीटरचं. ताकद तिप्पट आणि काम आठपट, म्हणून जाळ्याची आखणीही बदलावी लागली.

पिंपरी-चिंचवड महापालिकेचं क्षेत्र सुमारे १८१ चौरस किलोमीटर. बारा किलोमीटरची एक चौकट १४४ चौरस किलोमीटरची. म्हणजे तळवडे, भोसरी, पिंपरी, सांगवी या सगळ्यांच्या वाट्याला सव्वा चौकट येत होती. पवनेच्या काठी कोसळणारी सर आणि इंद्रायणीकडचं कोरडं आभाळ जवळपास एकाच आकड्यात मिसळून जायचं. सहा किलोमीटरची चौकट ३६ चौरस किलोमीटरची आहे. आता त्याच शहराला पाच आकडे मिळतात, आणि चाकणला स्वतःचा वेगळा.